स्क्रू तुझे, चाक माझं

१२ जून, शिमादा

नोरी,

पत्राच्या सुरुवातीला हवापाण्याची विचारपूस करायची आपली रीत आहे. मी करणार नाही. तिकडे आओमोरीत लेकीच्या, मिहोच्या घरी तुला ऊन लागतंय की थंडी वाजतेय, याच्याशी आज मला काही देणंघेणं नाही.

त्या रविवारी मी बसने घरी आले, मांडीवर ट्रक घेऊन. गाडी तू घेऊन गेलास, मग मी दुसरं काय करणार? चिखलाने बरबटलेला एवढा मोठा खेळातला ट्रक मांडीवर घेऊन साठीला टेकलेली बाई बसमध्ये बसली की लोक बघतातच. शेजारच्या आजीबाईंनी कौतुकाने विचारलं, "नातवाचा का हो?" मी म्हटलं, "नाही, माझाच." मग त्यांनी उरलेला प्रवास खिडकीबाहेर बघत काढला.

काय झालं ते तुला ठाऊक आहे, पण तू अर्ध्यातून पळालास. म्हणून पहिल्यापासून लिहिते, म्हणजे नंतर मला काही ऐकूच आलं नव्हतं असं म्हणायला जागा राहणार नाही.

आपली रिमोटच्या ट्रकांची शर्यत 'डब्यातल्या' गटाची. ट्रक दुकानातून डब्यात येतो तसाच पळवायचा, टायर तेवढे बदलायची मुभा. आणि क्लबाची जुनी पद्धत अशी की जिंकणाऱ्याने तपासणीच्या टेबलावर आपली गाडी आपल्याच हाताने उघडून दाखवायची, म्हणजे तपासणाऱ्याने संशय घेतला असं दिसत नाही. हे काम नेहमी तू करायचास. लहानपणापासून आपलं ठरलेलं आहे ना, स्क्रू तुझे, चाक माझं. गाडी तू बांधायची, पळवायची मी. तुझ्या स्क्रूला मी हात लावायचा नाही आणि माझ्या रिमोटला तू.

त्या दिवशी मी जिंकले आणि तू ताडपत्रीच्या घड्या घालत बसलास. घालायच्या, उलगडायच्या, पुन्हा घालायच्या. शेवटी तपासणीला बसलेले तोगावासान म्हणाले, "तोमोएसान, आज तुम्हीच उघडा की." मी उघडली. दोन स्क्रू खडीत पडले, उन्हाने हात घामेजले होते म्हणून. तोगावासाननी बोटाने पुढचं चाक डावीकडे वळवलं, उजवीकडे वळवलं, मग खाली वाकून कान लावला.

"आवाज वेगळा आहे," ते म्हणाले. "सर्व्होची डबी उघडली तर चालेल का?"

मी काय म्हणाले, आठवतं? हसत म्हणाले, "उघडा की! त्यात काय माझे दागिने ठेवलेत?"

उघडली. चाकं वळवणारी ती काड्यापेटीहून थोडी मोठी डबी. कारखान्याची सर्व्हो असती तर आत पांढरे प्लास्टिकचे दाते निघाले असते. निघाले धातूचे, चकचकीत, दागिन्यांसारखेच. पुढच्या आसाची तशी, मागच्या आसाचीही तशी. कातडी कारखान्याची, आणि पोट भलत्याच महागड्या सर्व्होचं.

"मला माहीत नव्हतं," मी म्हटलं.

"गाडी तुमचीच ना?"

"माझीच."

"बांधली कोणी?"

सगळ्यांनी तुझ्याकडे बघितलं. तू ताडपत्री मोटारीत टाकलीस, "मी निघतो," म्हणालास आणि निघालास. सख्खा भाऊ! तोंडातून एक शब्द काढला असतास, "हे मी केलं, ताईला माहीत नाही," एवढाच, तर मी तुझ्या वतीने सगळ्यांपुढे वाकून माफी मागितली असती. तू मला तिथे एकटीला उभं केलंस आणि चोर ठरू दिलंस.

मला वर्षभर शर्यत बंद. क्लबात चषक म्हणून ठेवलेल्या चहाच्या डब्यावर चिकटवायची माझ्या नावाची पट्टी लिहून तयार होती. तोगावासाननी ती दुमडून खिशात घातली. फाडली नाही, भला माणूस आहे. इतक्या वर्षांत माझी पहिली पट्टी होती ती, नोरी.

आणि या वसंतात माझा हात काय सुरेख चालला होता! मार्चपासून ट्रक दोरीसारखा सरळ जायचा. मला वाटायचं, हे माझं आहे. तू तेही नासवलंस.

तुझ्यापायी माझी झोप उडाली आहे. बसल्या जागी छाती धडधडते, दरदरून घाम फुटतो. दोन माणसांचं जेवते तरी अंगाला लागत नाही, स्कर्ट कमरेवरून घसरतो. माणूस रागाने इतकं झिजतं हे मला माहीत नव्हतं. अक्षर बघून नाक मुरडू नकोस, दुकानातलं टेबल डुगडुगतं.

'ताई' असं लिहून सही करणार नाही.

तोमोए


२९ जून

नोरी,

चेरीची पेटी पोचली. आत चिठ्ठी असेल म्हणून तळाचा कागदसुद्धा उचलून बघितला. नव्हती. पत्राला उत्तर म्हणून फळं पाठवणारा तू पहिलाच. मी एकही खाल्ली नाही. दुकानात ठेवली आणि कपडे न्यायला येणाऱ्या प्रत्येकाच्या हातावर मूठभर दिली. "काय विशेष?" असं विचारलं की सांगते, "माझ्या भावाने गप्प बसण्याबद्दल वाटायला पाठवलीत."

मला एकाच प्रश्नाचं उत्तर हवं आहे. का केलंस? मी माझ्या मनाने उत्तर काढून ठेवलं आहे, चूक असेल तर सांग. तुला जिंकायचं होतं. माझी हातोटी पुरी पडत नाही असं तुला वाटलं, म्हणून जोरकस, चपळ सर्व्हो चोरून घातलीस. जेवताना फोनवर तीच तर बघत बसायचास, अमुक सर्व्हो इतक्या झटक्यात वळते, तमुक इतका जोर लावते. मी म्हणायचे, "आपल्या गटात चालत नाही, कशाला जीव टाकतोस?" तू म्हणायचास, "बघायला काय जातं, ताई?" आता कळलं काय जातं ते.

आपल्या क्लबातल्या मासेवाल्याने शर्ट माझ्याकडे टाकणं बंद केलं. कारण विचारशील तर, "कागामी लाँड्रीत कॉलर आपली परत यायची आणि आत शर्ट दुसऱ्याचा निघायचा!" त्याने हे चारचौघांत म्हटलं आणि चारचौघे हसले. आई असल्यापासून त्याच्या घरचे कपडे आपण धुतोय. तीस वर्षांची अब्रू अशी एका दुपारी गेली, आणि मला केसाने गळा कापणारा हात शोधायला परक्याच्या दारी जावं लागलं नाही.

बाकी ठीक. परवा एका पांढऱ्या शर्टावर इस्त्री जरा जास्त टेकली. फोन वाजला म्हणून. नवीन शर्ट घेऊन दिला.

उत्तर लिही. फळं नकोत.

तोमोए


१९ जुलै

नोरी,

आधीच्या दोन पत्रांत मी तुला जे जे बोलले त्यातलं अर्धं परत घेते. ते चुकीच्या गुन्ह्यासाठी होतं. खरा गुन्हा त्याहून मोठा आहे.

काल तोगावासान दुकानात आले. हातात दोन शर्ट. शर्ट धुतलेलेच होते, वासावरून कळतं मला. म्हणजे कामाचं निमित्त. ते गेल्यावर बायका काय म्हणतील म्हणून दार उघडंच ठेवून मी चहा टाकला. त्यांनी खिशातून रुमालाची पुरचुंडी काढली आणि त्या दोन सर्व्हो टेबलावर ठेवल्या.

"तपासणी झाली, या तुमच्या तुम्हाला," ते म्हणाले. "पण तोमोएसान, मला एक गोष्ट स्वस्थ बसू देत नाही. विचारू?"

"विचारा. सगळं गाव विचारतंय."

"माणूस नियम मोडून भारी सर्व्हो बसवतो ती कशाला?"

"जोर हवा म्हणून. झटकन वळावी म्हणून."

"बरोबर. या जातीच्या सर्व्होला आतून सूचना देता येतात, किती वेगाने वळायचं, किती हललं की हालचाल करायची. मी या फोनला जोडून बघितल्या. या दोन्ही मुद्दाम मंद केल्यात. कारखान्याच्या सर्व्होपेक्षाही मंद. आणि रिमोटचं चाक जरासं इकडेतिकडे झालं तर यांनी ऐकूनच घ्यायचं नाही, अशी भली मोठी मोकळी जागा सोडली आहे. एखाद्याने तलवार चोरावी आणि घरी नेऊन तिची धार बोथट करावी, तसं झालं हे. का करेल कोणी असं?"

मी चहा ओतत होते. कप बशीवर ठेवताना वाजला. एकदा नाही, ठेवेपर्यंत वाजतच राहिला. तोगावासाननी त्या कपाकडे बघितलं, मग माझ्या हाताकडे, आणि मग एकदम भिंतीवरच्या कॅलेंडरकडे. भला माणूस म्हटलं ना मी. चहा न पिताच उठले. दारातून म्हणाले, "शर्ट सावकाश द्या."

मग मी दुकान बंद केलं आणि खुर्चीवर बसले.

डिसेंबरात ट्रक सरळ रस्त्यावर साप चालल्यासारखा चालायला लागला होता. तुला मीच म्हटलं होतं, "नोरी, सर्व्हो म्हाताऱ्या झाल्या वाटतं, जरा बघ." तू म्हणालास, "बघतो." तू बघितल्या असणार. त्या ठणठणीत असणार. मग तू गाडीकडे बघायचं सोडून माझ्याकडे बघितलंस, हो ना? रिमोटच्या त्या छोट्या चाकावर माझी बोटं थरथरत होती. मी ते कोणाला दिसू दिलं नव्हतं. बटणं लावायचं काम दुकानात संध्याकाळी येणाऱ्या मुलीकडे दिलं होतं, कपड्यांच्या चिठ्ठ्या छापून घेत होते. तुला न सांगता इस्पितळात नावही घातलं होतं, फेब्रुवारीत, मार्चची तारीख मिळाली होती. आईचा हात असाच सुरू झाला होता ना. सूपची वाटी तोंडाशी नेईपर्यंत रिकामी व्हायची. पुढे आपण दोघं तिला भरवायचो आणि ती मान फिरवायची. मी भीतीने अर्धी झाले होते.

आणि मार्चमध्ये, सरावाच्या पहिल्या दिवशी, ट्रक सरळ गेला. नदीच्या पात्रात, खडीवरून, या टोकापासून त्या टोकापर्यंत. मी ओरडले, "नोरी, बघ, बघ! दोरी ताणल्यासारखा!" तू पडलेला खुणेचा शंकू उचलायला वाकलास. बराच वेळ वाकलेला राहिलास. मी तुला तिथेच सगळं सांगून टाकलं, हात थरथरत होता, आईचंच येतंय की काय म्हणून घाबरले होते, पण बघ, गेलं, आपोआप गेलं, आता इस्पितळात जायची गरज नाही. मी तुझ्यासमोर फोन काढला आणि तारीख रद्द केली. तुझ्यासमोर, नोरी. तू शेजारी उभा होतास. तोंडात मूग गिळून.

मला हे एकदा सरळ लिहू दे. माझा हात बरा झालेला नव्हता. तू त्याची थरथर चाकांपर्यंत पोचू देत नव्हतास एवढंच. मी चिठ्ठीवर नाव लिहिताना बोट हललं की म्हणायचे, थकले असेन, गाडी सरळ जाते आहे ना, मग झालं. कप वाजला की म्हणायचे, गाडी सरळ जाते आहे ना. मी माझ्या डोळ्यांवर विश्वास ठेवला नाही, तुझ्या गाडीवर ठेवला. आणि तू त्या गाडीला खोटं बोलायला शिकवलंस.

चोरी केली असतीस तर मी एक ना एक दिवस माफ केली असती. लोक लहानसहान चोऱ्या करतात. ही चोरी नाही, हे काहीतरी दुसरं आहे आणि त्याला नाव सापडत नाही.

माझ्या मूळच्या सर्व्होंचं पोट कुठे ठेवलंस ते कळव.

तोमोए


१४ ऑगस्ट

नोरी,

काल आईची समाधी धुतली, एकटीने. पूर्वजांचे दिवस, गावातला प्रत्येक जण जोडीने, पोराबाळांसह आला होता. तुझी वाट बघितली असं समजू नकोस. तुझी बादली रिकामीच होती म्हणून तिच्यात फुलं ठेवली.

तुझं पत्र पोचलं. अखेर तोंड उघडलंस तर! तू लिहिलंस ते तुझ्याच शब्दांत परत लिहिते, म्हणजे वाचताना कसं वाटतं ते तुलाही कळेल.

"ताई, मला वाटलं आईचंच दुखणं. त्याला औषध नाही हे आपण बघितलं आहे. तू एकदा म्हणाली होतीस, असं झालं तर मला आधी सांगू नका, एक तरी हंगाम सुखाने जाऊ दे. म्हणून केलं. टेबलापाशी खरं बोललो असतो तर सगळ्यांनी तुझ्या हाताकडे बघितलं असतं. त्यापेक्षा आपण चोर ठरलेलं बरं."

'आपण' चोर! चोर एकटी मी ठरले, तू आओमोरीत चेरी खात होतास.

हो, म्हणाले होते मी तसं. आईच्या खाटेशेजारी बसून, रडत रडत. अशा वेळी माणूस काहीही बोलतं. तू ते खुंटीवर टांगून ठेवलंस आणि आता वेळ आली म्हणून काढलंस. मला विचारलंस का, ताई, अजून तुझं तेच म्हणणं आहे का? एका वाक्याचं काम होतं.

आता ऐक. मी इस्पितळात गेले. तोगावासानच्या सुनेने नेलं, नको नको म्हणत असताना. डॉक्टरीणबाई मिहोच्या वयाची आहे, पण नजर मोठी तीक्ष्ण. तिने आधी हात बघितले, मग डोळे, मग मला पाणी प्यायला सांगितलं आणि पिताना माझ्या गळ्याला बोटं लावली.

"घाम फार येतो?" "येतो." "भूक?" "दोघांची." "वजन?" "घटतंय." "छातीत धडधड?" "बाई, मी भावावर चिडले आहे, त्याने होतंय ते सगळं." ती हसली. म्हणाली, "भावाचा काही दोष नाही त्यात. गळ्यातली ग्रंथी जास्त काम करते आहे. रक्त तपासू."

तपासलं. थायरॉइड. आईचं दुखणं नाही, नोरी. आईच्या दुखण्याचा आणि याचा काडीचाही संबंध नाही. गोळ्या आहेत. रोज घ्यायच्या, थरथर हळूहळू जाते. बहुतेकांची जाते.

मी तिथेच रडले. आनंदाने, असं तिला वाटलं. तिने रुमाल दिला आणि मग हृदयाचा आलेख काढला, आणि तिचा चेहरा जरा बदलला. ठोके चुकतायत. ग्रंथी बरेच महिने अशी धावत राहिली की हृदयाला दम लागतो, म्हणाली. ताल परत जागेवर येईल, नाही तर येणारही नाही, आत्ता सांगता येत नाही. मग विचारलं, "थरथर डिसेंबरपासून होती, मार्चमध्ये तुम्हाला तारीख दिली होती. आला का नाहीत?"

काय सांगू तिला? माझा खेळातला ट्रक सरळ जात होता म्हणून?

मी म्हटलं, "दुकानात काम होतं."

तुला वाटलं मी मरणार आहे, म्हणून तू मला खेळणं देऊन गप्प बसवलंस. आणि मी बरी होणारी होते. आईच्या वेळी आपण दोघांनी मिळून तिला भरवलं, तुला वाटलं आता माझी पाळी, आणि तू न विचारता घास भरवायला सुरुवात केलीस. माझं तोंड कुठे आहे तेही बघितलं नाहीस. तुझ्या दयेने माझ्या हृदयाचे ठोके चुकवले. हे मी चिडून लिहीत नाही, आज जरा शांत आहे, गोळ्यांचा परिणाम असेल. म्हणूनच नीट वाच.

सर्व्होंचं पोट आईच्या शिवणाच्या डब्यात आहे म्हणालास. सापडलं. दोऱ्यांच्या रिळांखाली, दोन पिशव्यांत, 'पुढची' आणि 'मागची' असं लिहून. कुठे लपवायचं तेही बरोबर माहीत होतं तुला. त्या डब्याला मी आई गेल्यापासून हात लावलेला नव्हता.

तोमोए


५ ऑक्टोबर

नोरी,

आज ट्रक चालवला. मूळच्या सर्व्होंवर.

त्या बसवल्या मी. पहिल्यांदा स्क्रूला हात लावला, आपला करार मोडला. आधी तू मोडलास, तेव्हा बोलायचं काम नाही. पिशवीतले दाते टेबलावर पसरले, सगळे सारखेच दिसतात मेले, मोठ्यावर छोटा, छोट्यावर मधला. एक जागी बसवला की दुसरा घसरून इस्त्रीच्या टेबलाखाली. वंगण बोटांना, बोटं कपड्यांना. एक ब्लाउज त्यात गेला, माझाच होता. किती दिवस हे चाललं ते सांगत नाही, तू हसशील. हात थरथरायला लागला की मांडीखाली दाबून बसायचे आणि थांबला की पुन्हा चिमटा उचलायचे.

सगळं जुळवलं, डब्या बंद केल्या, चाकांचा दांडा लावला, बटण दाबलं, तर ट्रक बसल्या जागी डावीकडे मान करून उभा! कितीही उजवीकडे वळवलं तरी तो रुसलेला. मी वैतागून तोगावासानना फोन लावला. ते म्हणाले, "दांडा कधी लावला?" मी म्हटलं, "आधीच." तिकडून त्यांचं हसू ऐकू आलं. "आधी वीज द्यायची, सर्व्होला आपली मधली जागा शोधू द्यायची, आणि मग दांडा लावायचा. नोरीसाननी कधी सांगितलं नाही?"

"नोरीसान काही सांगत नाहीत," मी म्हटलं. "त्यांचा तो स्वभावच आहे."

पुन्हा उघडलं, पुन्हा लावलं. उभा राहिला सरळ.

शर्यतीची बंदी आहे, पण सरावाला कोणी अडवत नाही. आज सकाळी नदीच्या पात्रात गेले तेव्हा सगळे होते, मासेवालासुद्धा. मी कोणाशी न बोलता ट्रक खाली ठेवला आणि सोडला. सरळ नाही गेला. सापासारखा गेला, डिसेंबरात जायचा तसा नाही, त्याहून कमी, पण सगळ्यांना दिसेल इतका. सगळे तो बघत होते, आणि मग एकेक जण माझ्या हाताकडे बघायला लागला. तुला ज्याची भीती होती तेच. मी हात लपवला नाही. त्या टोकाला ट्रक वळवला आणि तसाच नागमोडी परत आणला.

मासेवाला जवळ आला. थोडा वेळ उगाच टायर दाबून बघितले. मग म्हणाला, "तोमोएसान, हे कधीपासून?"

"मागच्या हिवाळ्यापासून."

"आणि आम्हाला वाटलं…" म्हणाला आणि थांबला. मग म्हणाला, "सोमवारी शर्ट आणतो. बरेच साठलेत."

म्हणजे तू जे झाकायला मला चोर ठरवलंस, ते उघडं पडलं तेव्हा काय झालं, तर शर्ट परत आले. एवढंच. एवढंच होणार होतं, नोरी, जूनमध्येसुद्धा.

हृदयाचं अजून कळत नाही. पुढच्या महिन्यात पुन्हा आलेख आहे. घाम थांबला, धडधड कमी झाली, झोप लागते, स्कर्ट कमरेवर राहतो. पहिल्या पत्रात मी लिहिलं होतं की हे सगळं तुझ्यावरच्या रागाने होतंय. खोटं निघालं ते, सगळं त्या ग्रंथीचं होतं. मग मला वाटायला लागलं, राग पण ग्रंथीचाच असेल, गोळ्यांनी तोही जाईल. रोज सकाळी उठून बघत होते. नाही गेला. तेवढा एक माझा स्वतःचा निघाला.

नवीन वर्षाला तू येणार असं मिहो फोनवर म्हणाली. ये. तुझी अंथरुणं उन्हात घालून ठेवीन. तुझ्या त्या दोन सर्व्होंचं पोट काढून रुमालात बांधून ठेवलं आहे, जाताना घेऊन जा.

आलास की पहिल्यांदा माझ्या हाताकडे तुझी नजर जाणार, मला माहीत आहे. डिसेंबरपासून जात होती तशी चोरून नको. समोर बस. मी दोन्ही हात तुझ्यापुढे दुकानातल्या टेबलावर ठेवीन. ते टेबल डुगडुगत नाही, कधीच डुगडुगत नव्हतं. हवा तेवढा वेळ बघ, आणि जे दिसेल ते मला तोंडाने सांग.

ताई